चोवीस रिकामे खटके

१२ जानेवारी, रविवार. सकाळी ११.१०

आयुष्य बदललं ते या मिनिटाला. वेळ मुद्दाम लिहून ठेवतोय. पुढेमागे कुणी विचारलं तर "साधारण जानेवारीत" असलं गुळमुळीत उत्तर द्यायला मी काही तलाठी नाही.

स्थळ : नांदेडच्या इतवाऱ्यातला जलीलचाचांचा फोटो स्टुडिओ. मी तिथे नोकरी करत नाही. बसतो. चाचांचा जुना यशिका मांडीवर घेऊन पुसत होतो. हा कॅमेरा डोळ्याला लावत नाहीत. पोटाशी धरायचा आणि विहिरीत डोकवावं तसं वरून आत बघायचं. समोर दोन भिंगं, एकावर एक. वरच्यातून आपण बघतो, खालच्यातून फोटो निघतो. रोल रुंद, फोटो चौकोनी, आणि एका रोलात फक्त बारा. तर मी वाकून काचेत बघतोय आणि काचेत डावीकडून एक मुलगी आली. निळा ड्रेस, हातात पेपरात गुंडाळलेली फ्रेम. मान वर केली तर ती उजवीकडून येत होती. या काचेत डावं उजवीकडे दिसतं. माझं तेव्हापासून तसंच चाललंय.

महामाया हणमंते. लातूरला एका क्लासमध्ये बायोलॉजी शिकवते. फ्रेममध्ये तिचे आजोबा. जळकोटचे. चाचांच्या अब्बांनी याच स्टुडिओत, याच कॅमेऱ्यानं काढलेला फोटो. काच फुटून खराब झाला होता. चाचांनी पत्र्याच्या डब्यातून निगेटिव्ह शोधून काढली, तेव्हा तिचे डोळे भरून आले. माझेही आले असते, पण मी तिच्याकडे बघत होतो.

मग म्हणाली, तिचे वडील एसटीत ड्रायव्हर आहेत, लातूर-नांदेड गाडी. ३१ मेला रिटायर होणार. भिंतीवर आजोबांच्या शेजारी बाबांचा असाच फोटो लावायचाय. काळा-पांढरा, रोलवरचा. चाचा "बेटी, ते काम आता बंद झालं" म्हणायच्या बेतात होते. मी म्हणालो, मी काढतो.

"दादा, जमेल ना तुम्हाला?" तिनं विचारलं.

दादा सुरुवातीला सगळ्याच म्हणतात.

१३ जानेवारी

निश्चय. आजपासून फक्त फिल्म. मोबाइलनं फोटो काढणारा माणूस माणूस नाही, तो सीसीटीव्ही आहे. फोनमधलं कॅमेऱ्याचं ॲप डिलीट करायला गेलो, होत नाही. 'कचरा' नावाचा फोल्डर करून त्यात टाकलं.

दुसरा निश्चय, राग कमी करायचा. तिसरा, हणमंतेकाकांचा असा फोटो काढायचा की ते स्वतःच म्हणतील, हा पोरगा हातचा जाऊ देऊ नका. मुलीचा फोटो काढून मुलीला पटवणं हे कुणीही करतं. मी बापापासून सुरुवात करतोय. पाया आधी. दीड वर्ष सिव्हिल शिकलोय शेवटी.

(कॉलेज मी सोडलं. सर्व्हेच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले सर म्हणाले, "तुला समोरचं दिसतं का रे?" मी पट्टी तिथेच टाकली आणि चालू लागलो. आईला वाटतं सुट्ट्या आहेत. दीड वर्ष झालं, तिनं अजून विचारलेलं नाही. विश्वास.)

१९ जानेवारी

चाचांकडून कॅमेरा शिकलो. अर्ध्या तासात आला. त्यांना शिकायला म्हणे दोन वर्षं लागली. त्यांच्या पिढीला वेळ होता.

एक गोष्ट मात्र सांगितली ती ऐकून डोक्यात तिडीक गेली. जुन्या काळी खेड्यातला माणूस फोटोला बसला की लाकडासारखा व्हायचा. मग हे लोक पहिले तीन-चार खटके रिकामे मारायचे. कॅमेऱ्यात रोलच नाही. माणसाला वाटायचं झाला फोटो, तो सैल पडायचा, बोलायला लागायचा. मग गुपचूप रोल घालून खरा फोटो. "पहिले चार खाली मार, बेटा. आदमी ढिला झाला की रोल डाल." मी म्हटलं, चाचा, ही फसवणूक आहे. ते हसून राहिले. अडाणी धंदा.

२ फेब्रुवारी

सामानाची जुळवाजुळव. नांदेडात या रोलचं नाव काढलं तर दुकानदार टीव्हीची वायर दाखवतो. एकानं विचारलं, "त्यात व्हिडिओ होतो का?" त्याच्याशी भांडण झालं. रोल मुंबईहून कुरिअरनं मागवले. कुरिअरवाल्यानं पाकीट उन्हात ठेवलेलं. त्याच्याशीही झालं.

स्टँड : कॉलेजच्या सर्व्हे लॅबमध्ये पडूनच होता. आणला. मी फी भरलीय. त्याचा स्क्रू कॅमेऱ्याला बसत नाही, सुतळीनं बांधतो.

लाइट मीटर : चाचांचा मेलाय. फोनमध्ये ॲप टाकलं. हा मोबाइलचा वापर नाही. मोबाइलला कामाला लावणं आहे.

रोल धुवायच्या डब्यात अंधारात भरायला काळी पिशवी लागते, दोन्ही हात आत घालता येतील अशी. अमीरबी चाचींनी बुरख्याच्या कापडाची, दुहेरी, बाह्यांना इलॅस्टिक लावून शिवून दिली. वर म्हणाल्या, "कुणासाठी चाललंय रे इतकं? हिच्या बाह्या तुझ्या लग्नाच्या शेरवानीला चालतील." मी पिशवीची शिवण तपासली. बायकांना कलेत लग्नच दिसतं.

९ फेब्रुवारी

पहिला रोल. अर्धापूरला केळीच्या बागेत गेलो. पाचवा फोटो काढल्यावर शंका आली, रोल पुढे सरकतोय का. झाकण उघडून बघितलं. सरकत होता. बंद केलं. उरलेले काढले.

धुतल्यावर रोल पूर्ण काळा. कंपनीचा माल खराब.

चाचा म्हणाले, झाकण उघडलं का मधे? मी म्हटलं, क्षणभर. ते नुसते पंख्याकडे बघून राहिले. असले मौनी लोक मला आवडत नाहीत.

१६ फेब्रुवारी

दुसरा रोल. झाकण उघडलं नाही. चावी फिरवून रोल पुढे घ्यायचा राहिला. बाराच्या बारा फोटो एकाच चौकोनात. केळी, त्यावर म्हैस, तिच्या पोटात मोटारसायकल. मी याला प्रयोग म्हणतो. नांदेडला कळायला वीस वर्षं लागतील.

२३ फेब्रुवारी

तिसरा रोल. पाच फोटो आले. आले म्हणजे आलेच. अमीरबी चाची शिवणयंत्रावर वाकलेल्या, बाजूनं खिडकीचा उजेड, सुईतला दोरासुद्धा मोजून घ्या. चाचांनी निगेटिव्ह उजेडावर धरली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही. मग म्हणाले, "हाथ हाय तुझा. डोकं नाही."

पहिलं वाक्य लिहून ठेवतो.

२ मार्च, रविवार. दुपारी २

पहिली बैठक. हणमंतेकाकांची गाडी बारा वाजता नांदेडला लागते, दीड तास थांबते. महामाया त्यांच्याच गाडीनं आली. काका खाकी ड्रेसमध्ये. मी जयभीम केला, त्यांनी केला. खुर्चीत बसले ते सरळ समोर बघत, दोन्ही हात हवेत स्टेअरिंगवर ठेवल्यासारखे. मला वाटलं आता हॉर्न वाजवतील. हात मांडीवर ठेवा म्हटलं, तर पाय ब्रेकवर गेल्यासारखा ताठ.

तेव्हा पटलं, जुन्या लोकांच्या पद्धतीत काही शास्त्र असतं. रोल खिशातच ठेवला. रिकामे खटके मारायला लागलो. चार मारले. काका जरा सैल. महामाया पुढे येऊन त्यांची कॉलर नीट करून गेली. जाताना तिची ओढणी माझ्या स्टँडला लागली. सहा मारले. तिनं विचारलं, काचेत चित्र उलटं का दिसतं? मग स्वतःच सांगितलं, आरशामुळे. शिकवण्याची सवय. मी म्हटलं, मला माहीत होतं. आठ. दहा.

बारावा मारला आणि थांबलो. विचार केला, आज रोल घातला तर फोटो आज निघेल. निघाला की ती एकदा येणार प्रिंट न्यायला, झालं. म्हणजे दोन महिन्यांच्या तयारीचं फळ एक रविवार. हे कुठल्या हिशोबात बसतं?

म्हटलं, काका, छान झालं. रोल धुवायला पंधरा दिवस लागतील. गरज पडली तर परत बसावं लागेल.

ही फसवणूक नाही. रिहर्सल आहे. नाटकवाले महिना महिना करतात, त्यांना कुणी चोर म्हणत नाही.

९ मार्च

महामायाला मेसेज : "पहिल्या रोलमध्ये काकांचं व्यक्तिमत्त्व पूर्ण उतरलं नाही." उत्तर : "ओके." नंतर हात जोडलेले. मुली विनाकारण हात जोडत नाहीत.

लातूरचा कुणी शिवकुमार आहे, प्री-वेडिंगवाला, ड्रोन उडवतो. तो तिला म्हणाला म्हणे, पाच मिनिटांत काढून देतो, नंतर काळा-पांढरा करतो. नंतर काळा-पांढरा करतो! म्हणजे वरणात पाणी ओतून त्याला आमटी म्हणायचं. त्या शहराकडून अपेक्षाच नाही. लातुरात ज्याचा टक्का नव्वदच्या वर, त्याचाच फोटो निघतो, आणि तोही क्लासच्या फ्लेक्सवर, बेडकासारखा. तिनं त्याला नाही म्हटलं. माझ्यासाठी. ती म्हणते, बाबांना गर्दीचं आवडत नाही म्हणून. बोलण्याची पद्धत.

१६ मार्च, रविवार. दुपारी २.३०

दुसरी बैठक. आजचा दिवस सोन्याचा. रोल खिशात होता, हे आधी लिहून ठेवतो. नियत होती.

काका आज आल्या आल्या टोपी काढून बसले. चाचींनी चहा दिला. चाचांनी विचारलं, इतक्या सालात गाडी कधी चुकली का? मग काका सुरू झाले. अहमदपूरच्या स्टँडवर एकदा वऱ्हाडाची गाडी घेऊन थांबले होते. नवरदेव लघवीला उतरला. कंडक्टरनं डबल बेल दिली, काकांनी गाडी काढली. आत बँडवाले, करवल्या, सगळे गाण्यात दंग. चाकूरला कुणीतरी विचारलं, नवरदेव कुठाय? मागं बघतात तर नवरदेव एका दूधवाल्याच्या मोटारसायकलवर, दोन्हीकडे किटल्या, मधे फेटा, हात हलवत येतोय. "पोरीच्या बापाला मी म्हणलो, दाजी, तिकिट तर फाडलं व्हतं त्याचं."

आणि काका हसले. असे हसले की डोळ्यांतून पाणी. टोपीनं डोळे पुसले, परत आठवलं, परत हसले. बाराही खटके मी त्या हसण्यावर मारले. रिकामे, अर्थात. मधेच महामायानं मोबाइल वर केला. मी ओरडलो. मोबाइल खाली ठेवा, इथे फिल्म चालू आहे, त्या उजेडानं वातावरण बिघडतं. तिनं लगेच पर्समध्ये टाकला. सॉरी म्हणाली. मला अशी शिस्त आवडते.

रोल घालायला तीन मिनिटं लागतात. तेवढ्यात हसू जातं. आणि एवढं काय, हसू हणमंतेकाकांचंच आहे, त्यांच्याकडेच राहणार. पुढच्या वेळी घेऊ.

जाताना महामाया दारात थांबली. म्हणाली, आई गेल्यापासून चार वर्षांत बाबा असे हसलेले मी बघितले नव्हते. हे तुमच्यामुळे झालं.

तुमच्यामुळे. लिहून तीन वेळा वाचलं.

१८ मार्च

चाचांनी विचारलं, रोल कधी धुतोस? म्हटलं, धुवू. "रविवारचा चांगला असंल. हसला व्हता आदमी." मी विषय बदलला. दोन तासांनी परत विचारलं. मी चिडलो. म्हटलं, तुम्हीच शिकवलंत ना रिकामं मारायला. चाचांनी चष्मा काढला. विचारलं, बारा? आणि त्याच्या आधीच्या रविवारचे? मी कॅमेरा पुसायला घेतला. चाचा म्हणाले, बेटा, आता पुढच्या वेळी पहिल्यापासून रोल डाल. एवढंच.

एवढंसं तंत्र शिकवलं तर माणूस मालक होतो.

६ एप्रिल

काकांची ड्युटी बदलली. उन्हाळी जादा गाड्या. रविवार नाही. माझं रिहर्सलचं नियोजन एसटी महामंडळानं विस्कटलं. महामायाला मेसेज केला, वेळ आहे, काळजी नको. वेळ असतोच. ३१ मेला अजून पंचावन्न दिवस. पंचावन्न दिवसांत माणसं पूल बांधतात.

कॉलेजचं पत्र आलं. स्टँडबद्दल. आईनं विचारलं, काय लिहिलंय? म्हटलं, परत बोलावतायत.

२० एप्रिल

बेचाळीस डिग्री. रोल फ्रीजमध्ये भाजीच्या कप्प्यात ठेवले. आईनं मेथीबरोबर एक धुतला. भांडण. जेवलो नाही. संध्याकाळी जेवलो.

४ मे, रविवार. दुपारी १.४५

तिसरी बैठक. आज रोल घातला. पहिल्यापासून. रोलवरचा बाण कॅमेऱ्यातल्या खुणेला बरोबर लावला, दोनदा तपासलं. उजेड ॲपवर मोजला. स्टँड नव्या सुतळीनं बांधला. तयारीत माझी चूक काढून दाखवा.

काका दमून आलेले. सहा तास गाडी, आतून भट्टी. बाबांना वीस मिनिटंच आहेत, महामाया म्हणाली. मी काचेत वाकलो. काका चौकटीच्या कडेला. म्हटलं, काका, थोडं डावीकडे. ते माझ्या डाव्या हाताला सरकले. काचेत आणखी बाहेर गेले. म्हटलं, डावीकडे. आणखी सरकले. आता अर्धा खांदा गायब. घाम माझ्या काचेवर टपकून राहिला होता. डावीकडे म्हणतोय ना मी. काका खुर्चीच्या टोकाला.

आणि मग माझ्या तोंडून गेलं : "एकतीस वर्षं गाडी कशी चालवली हो तुम्ही? डावं-उजवं कळत नाही?"

आतल्या खोलीत चाचींचं मशीन थांबलं.

काकांनी माझ्याकडे बघितलं. आवाज वाढवला नाही. "एकतीस साल," म्हणाले. "माझ्या चाकाखाली कोंबडीसुद्धा मेली न्हाई, पोरा."

मी खटका दाबला.

महामाया हळू म्हणाली, तुम्ही काचेत बघून सांगताय, काचेत उलटं दिसतं. हे मला माहीत आहे. मीच तिला सांगितलं होतं. काकांनी टोपी घातली, चाचांना सलाम केला, गाडीची वेळ झाली म्हणून गेले. ती मागे गेली. दोघांनी चहा घेतला नाही.

अकरा फोटो उरले होते. खुर्चीचे काढले. रिकाम्या खुर्चीत एक अर्थ असतो.

५ मे

रोल धुणं. औषध वीस डिग्रीला पाहिजे. नळाचं पाणी सदतीस. लस्सीवाल्याकडून बर्फ आणला. त्यानं विचारलं, पार्टी का? दुर्लक्ष केलं. डबा बर्फात ठेवायचा असतो. मी बर्फ औषधात टाकला, थेट, म्हणजे लवकर थंड होतं. चाचा म्हणाले, आता औषध पातळ झालं. बघू म्हटलं.

निगेटिव्ह फिकी आली, पण आली. चाचांनी जुन्या एन्लार्जरवर कागद बदलून बदलून प्रिंट काढून दिली. हे काम तसं कुणीही करेल.

काका थेट बघतायत. डोळ्यांच्या बाजूच्या सुरकुत्यासुद्धा दिसतात. छातीवरचा बिल्ला. हा खरा माणूस. हसरे फोटो तर टूथपेस्टच्या डब्यावरही असतात. चाचांनी बघून सांगितलं, "फोटो चांगला हाय. आदमी नाराज हाय."

त्यांना कलाकृतीत माणूसच शोधायचा असतो.

१८ मे, रविवार. सकाळी ९.४०

महामायाचा फोन. स्वतःहून. चार मिनिटं बारा सेकंद.

आधी म्हणाली, त्या दिवशी बाबा जरा लागट बोलले असतील तर मनावर घेऊ नका. बाबा लागट बोलले असतील! ही मुलगी माझी बाजू बापाकडे मांडते आणि बापाची माझ्याकडे. घरात असंच माणूस लागतं.

मग म्हणाली, ४ मेचा नको. मार्चमधला द्या. हसरा. तोच भिंतीवर लावणार, आणि ३१ला डेपोत सत्कार आहे तिथेही ठेवणार. बाबांना सांगितलं नाही, सरप्राइज आहे.

मी म्हटलं, लॅबला पाठवलाय. मुंबईला. कधी येईल? आठवड्यात.

तांत्रिकदृष्ट्या मी खोटं बोललो नाही. पुढचा रोल मी मुंबईलाच पाठवणार होतो.

२० मे. सकाळी १०

उपाय सापडला. हसू हणमंतेकाकांचं, हणमंतेकाका उपलब्ध, कॅमेरा उपलब्ध. फक्त त्यांना हसवायचं.

नांदेड स्टँडवर गेलो. काका आज भर सकाळी गाडी घेऊन आले होते. कॅमेरा गळ्यात, रोल आत, बाण खुणेला. माफी मागितली. त्यांनी, ठीक हाय, म्हटलं. मग मी त्यांना नवरदेवाचा किस्सा सांगितला. पूर्ण. अहमदपूर, डबल बेल, दूधवाला, किटल्या. हातवारे केले. दोन प्रवासी थांबून ऐकायला लागले, ते हसले. काका शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "हे मीच सांगितलं व्हतं तुला."

म्हटलं, हो, पण मजा आहे ना.

"हाय," म्हणाले. आणि चढले गाडीत.

मी बारा फोटो काढले. गाडीत चढताना काकांची पाठ. स्टेअरिंगवरून काकांची मान. काच. काचेत मी. शेवटचे सहा गाडीच्या मागच्या नंबर प्लेटचे. गर्दीतला एक हमाल म्हणाला, बातमीत येणार का? त्याच्याशी भांडलो नाही. निश्चय क्रमांक दोन.

२४ मे

महामायाचा मेसेज : "आला का?" उत्तर : "लॅबवाले बेजबाबदार." ती : "नंबर द्या, मीच बोलते." असा आत्मविश्वास मला बायकांमध्ये आवडतो, पण या वेळी नको होता. फोन बंद ठेवला. फोनचा मला तसाही तिटकारा आहे.

२८ मे. दुपारी १२

चाचांशी कायमचं तुटलं.

मी बर्फ आणायला गेलो होतो. मधल्या वेळात महामायानं स्टुडिओच्या लँडलाइनवर फोन केला. मुंबईच्या लॅबचा नंबर मागितला. चाचांनी सांगितलं, लॅब नाही, रोल नव्हता, दोन्ही रविवारी खाली मारून राहिला व्हता.

परत आलो तर चाचा फोनजवळ बसलेले. मला बघून सगळं सांगितलं, जे काय बोलले ते जसंच्या तसं. लपवलं नाही. मी पेटलो. म्हटलं, पद्धत तुमची, तुमच्या अब्बांची, आणि फसवलं मी? चाचा उठून उभे राहिले. मी त्यांना कधी असं उभं राहिलेलं बघितलं नव्हतं.

"मी तुला चार सांगितले व्हते," म्हणाले. "चार. तू चोवीस मारले. आमी लोकांना सैल करायला खाली मारत व्हतो. तू कुणाला सैल करून राहिला व्हता?"

बर्फ टेबलावर ठेवून निघून आलो. कॅमेरा माझ्याकडेच आहे. वाद मिटेपर्यंत माझ्याकडेच राहील. अमीरबी चाचींनी मागून पिशवी आणून हातात दिली, काळी. ही घेऊन जा, आमच्या काय कामाची, म्हणाल्या.

लोक एका दगडात दोन पक्षी मारतात, या दोघांनी दोन दगडांत एकच मारला. मला.

३१ मे, शनिवार

आज सत्कार. लातूर डेपो. निमंत्रण आलं नाही. पत्ता बदलला असेल. किंवा छापताना राहिलं असेल. या सरकारी कार्यक्रमांची छपाई अशीच असते.

४ मेचा फोटो फ्रेम केला. काळी, जाड, आजोबांच्या फ्रेमसारखी. उद्या रविवार. स्वतः नेऊन देणार. समोरासमोर सगळं नीट सांगितलं की समजून घेईल. बायोलॉजीवाली आहे, प्रयोग म्हणजे काय ते तिला माहीत असतं. भाषण तयार केलं. तीन मुद्दे. रिहर्सलची परंपरा, फिल्मची मर्यादा, आणि तिसरा मुद्दा तिच्याबद्दल.

१ जून, रविवार. दुपारी ३.२०. लातूर स्टँड

गेलो.

हणमंत्यांचं घर डेपोमागच्या गल्लीत. दार महामायानं उघडलं. या म्हणाली. आत कूलर चालू, खिडकीत वाळ्याची ताटी. टीव्हीवर कालचे हार वाळत ठेवलेले. कोपऱ्यात सत्काराचा फ्लेक्स गुंडाळून उभा. त्यावर काकांचा ओळखपत्रातला फोटो मोठा करून छापलेला, कडेचे ठिपकेसुद्धा मोठे झालेले. भिंतीवर आजोबा. शेजारी खिळा मारलेला. खिळ्यावर काही नाही.

काका बनियनवर बाहेर आले. बस म्हणाले. मी फ्रेम दिली. त्यांनी पेपर काढून लांब धरून बघितलं.

"लायसन जप्त झाल्यावानी दिसून राहिलो," म्हणाले.

मग माझ्या तोंडाकडे बघून, चांगला हाय, असं म्हणाले. मेहनत हाय. चहा ठेव गं, म्हणाले, आणि आंघोळीला गेले. पहिला दिवस घरचा, आता बाराला आंघोळ केली तरी चालते, असंही म्हणाले. तो माणूस वाईट नाही.

महामायानं चहा ठेवला नाही. समोर बसली. मी पहिला मुद्दा सुरू केला. परंपरा. चाचांचे अब्बा. खेड्यातली माणसं. तिनं पूर्ण ऐकून घेतलं. वर्गात एखादा मुलगा चुकीचं उत्तर आत्मविश्वासानं देत असला की ती असंच ऐकून घेत असणार.

मग विचारलं, "बाबा हसत होते तेव्हा आत काहीच नव्हतं?"

नव्हतं, म्हटलं.

"मी काढत होते," ती म्हणाली. "मोबाइलवर. तुम्ही ठेवायला लावला."

दुसरा मुद्दा फिल्मच्या मर्यादेचा होता. तो सोडला. तिसऱ्यावर आलो. म्हटलं, मी हे सगळं तुम्ही परत परत यावं म्हणून केलं. हे वाक्य आरशासमोर म्हणताना चांगलं वाटलं होतं.

आतून पाण्याचा आवाज येत होता, काका गुणगुणत होते. मग म्हणाली, मला वाटलं तुम्ही बाबांना बोलतं करताय. मी घरी येऊन शेजारच्यांना सांगितलं, एक मुलगा आहे नांदेडला, त्यानं बाबांना हसवलं.

मुलगा आहे नांदेडला. सांगितलं होतं. शेजारच्यांना.

तिनं फ्रेम परत त्याच पेपरात गुंडाळली, दोरा बांधला, गाठ मारली आणि माझ्या मांडीवर ठेवली. रागानं नाही. पार्सल द्यावं तशी. मी उठलो. जयभीम म्हटलं. तीही म्हणाली. मी चपला घालेपर्यंत ती भांडी आवरायला लागली होती, तिथूनच म्हणाली, "जाताना दार ओढून घ्या. कूलर चालूय."

बाहेर आलो. दार ओढलं. नीट बसलं नाही, म्हणून परत एकदा ओढलं.